बिनभोकांचं टेबल

कॅनडाहून परत आल्यावर सांगलीत जो भेटेल तो पहिल्यांदा धबधब्याचं विचारायचा. धबधबा मी पाहिला नाही. पाच आठवडे त्या देशात राहिले आणि त्यातले पहिले दोन आठवडे रोज दुपारी दोन ते पाच विंडसरमधल्या एका पूल हॉलमध्ये काठीनं चेंडू ढकलत होते. वय एकसष्ट, अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर दादाचा स्वेटर. ऐकून लोक हसतात. मीही आधी हसतच सांगायची, पण पुढचं सांगायची वेळ आली की विषय बदलायची. आता लिहूनच टाकते.

विंडसर

शशीदादा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. मी अकरावीत असताना तो कॅनडाला गेला. सुरुवातीची वर्षं मॉन्ट्रियलला काढली, मग विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवायच्या खात्यात नोकरी धरली आणि तिथूनच रिटायर झाला. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा माझा व्हिसा वेळेत आला नाही. २०१७च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "सुमे, ये एकदा. मला ब्रॉसार्डला जायचंय, लांबचा पल्ला आहे. सोबत पाहिजे." कुणाकडं काही मागणं हा दादाचा स्वभाव नव्हता, म्हणून मी फार न विचारता सप्टेंबरात गेले.

विंडसर म्हणजे कॅनडाचं टोक. नदीपलीकडं अमेरिका, डेट्रॉइटच्या उंच इमारती. नदी आपल्या कृष्णेच्या दुप्पट रुंद असेल, पण घाट नाही, कपडे आपटणं नाही, नुसती चकचकीत वाहते. दादाचं घर एकमजली, खाली बेसमेंट. स्वयंपाकघरात वहिनीच्या हातच्या चिठ्ठ्या डब्यांवर तशाच चिकटलेल्या, जिरं, मोहरी, गोडा मसाला. डबे मात्र सगळे एकाच फळीवर, एका रांगेत, अंतर मोजून ठेवलेले. मला वाटलं, इंजिनियर माणूस, शिस्त असेल.

दुसऱ्याच दिवशी दोन वाजता त्यानं मला गाडीत घातलं. हॉल घरापासून चार मिनिटांवर. आत अठरा टेबलं पूलची, म्हणजे सहा भोकांची, आणि अगदी मागं, वॉशरूमच्या बाजूला, एक वेगळंच टेबल. इतरांपेक्षा मोठं, निळ्या कापडाचं आणि एकही भोक नसलेलं. मी म्हटलं, "दादा, अरे याचे पॉकेट कुठायत?"

"नाहीतच. हेच तर."

आपण लहानपणी अंगणात कॅरम खेळायचो, तो खेळ इथं आठवून उपयोग नाही. या खेळाचं नाव तेच आहे खरं, कॅरम बिलियर्ड. पण काही कुठं घालवायचं नसतं. चेंडू तीनच, पांढरा, पिवळा आणि लाल. एक आपला, एक समोरच्याचा, लाल दोघांचा. आपल्या चेंडूनं बाकीचे दोन्ही शिवायचे. एवढंच. मात्र दुसऱ्याला शिवण्याआधी आपल्या चेंडूनं टेबलाच्या भिंतींना निदान तीनदा धडकून यायचं. ते जमलं तर एक गुण. तासभर खेळून दोन गुण झाले तर चांगला दिवस. दादानं माझा हात टेबलावर ठेवला. कापड कोमट होतं.

"खाली दगड आहे, तो तापवतात. चेंडू नीट पळतो त्यानं. मॉन्ट्रियलला आमच्या खोलीला हीटिंग धड नव्हतं. मी आणि त्रान, हॉलमध्ये हात शेकायला जायचो. उगाच उभं राहू देत नव्हते, म्हणून खेळायला लागलो."

त्रान हा त्याचा त्या वेळचा खोलीतला सोबती, व्हिएतनामहून शिकायला आलेला. पुढं त्याच्या देशाचं जे झालं त्यामुळं तो परत गेलाच नाही. आता ब्रॉसार्डला, मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडच्या उपनगरात, राहत होता. दादाला जायचं होतं ते त्याच्याकडं. नऊ वर्षं भेट नव्हती.

माझं शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी एकही गुण नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. मी तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर मोजली. हात स्थिर आहे, नजर बरी आहे. तरी चेंडू माझ्या मनाविरुद्धच जायचा. टेबलाच्या कडेवर ठरावीक अंतरानं पांढऱ्या खुणा होत्या. त्या मोजून कुठं मारायचं ते ठरवायचं. दादा काठीला खडू लावत मागं उभा राहायचा आणि मला विचारायचा, "सांग, लाल कुठल्या खुणेसमोर आहे? पिवळा कडेपासून किती बोटं?" मी सांगायची. मग तो कुठं मारायचं ते सांगायचा. किती छान शिकवतोय, असं मला वाटायचं.

बाकीच्या अठरा टेबलांवरच्या माणसांना आमच्या टेबलाचं काही सोयरसुतक नव्हतं. डेट्रॉइटहून नदीखालच्या बोगद्यातून गाडी घालून खेळायला येणारे अमेरिकन पुष्कळ. त्यातला कुणी नवखा कुतूहलानं यायचा, "भोकं कुठायत?" विचारायचा, दोन-चार फटके मारून बघायचा आणि खांदे उडवून निघून जायचा. फक्त रे नावाचा एक सत्तरीचा गृहस्थ रोज कॉफीचा कप घेऊन आमच्या शेजारच्या स्टुलावर बसायचा. डेट्रॉइटमध्ये बस चालवून रिटायर झालेला, पूलमध्ये तरबेज. आमच्या खेळाला तो रोज नवी शिवी घालायचा.

"मॅडम, मला समजावा," तो म्हणाला. "मी टेबल साफ करतो आणि घरी जातो. काम संपलेलं दिसतं. तुमचं काय? तीन चेंडू घेऊन बसता, तीनच ठेवून उठता."

मी दादाकडं पाहिलं. तो म्हणाला, "तेच आवडतं मला. तुझ्या टेबलावरून एकेक जण जातो, रे. इथं कुणी जात नाही."

रेनं हात झटकला. मात्र दादा काठी घेऊन वाकला की तो मोठ्यानं ओरडायचा, "प्रोफेसर, लाल तुमच्या डाव्या कोपऱ्यात झोपलाय! पिवळा लांबच्या भिंतीला मधोमध!" मला त्याचा राग यायचा. एकदा दादाला म्हटलंसुद्धा, "खेळताना काय बडबडतो हा माणूस." दादा म्हणाला, "बडबडू दे गं."

बाराव्या दिवशी माझा पहिला गुण झाला. मारला तो एका बाजूनं, चेंडू फिरला भलत्याच बाजूनं, पिवळ्याला घासून, चार भिंती खाऊन हळूच लालला टेकला. मी ओरडले. अख्ख्या हॉलमध्ये कुणी मान वर केली नाही, कारण काय झालं ते कुणाला कळलंच नाही. दादा मात्र काठी जमिनीवर आपटत होता आणि रेनं मला बटाट्याच्या फ्राइज आणून दिल्या. त्यावर तपकिरी ग्रेव्ही ओतलेली. अर्ध्या खाऊन झाल्यावर कळलं की ती मांसाची असते. मी उठून वॉशरूमला पळाले, आणि बाहेर आले तेव्हा हॉलची मालकीण दादाशी बोलत होती. महिनाअखेरीस ते टेबल काढणार होते. त्याच्या जागी पूलची दोन बसतील म्हणाली. तिचं बोलणं मऊ होतं. "शशी, गेलं वर्षभर तुझ्याशिवाय कुणी त्यावर धड खेळलेलं नाही."

दादा म्हणाला, "मला ठाऊक आहे." घरी येताना एवढंच म्हणाला, "आता ब्रॉसार्डला जाऊन येऊ. उशीर नको."

रस्त्यात

बेत असा होता की पहिल्या दिवशी किचनरला जायचं. तिथं दादाचा मुलगा निखिल सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ब्रॉसार्ड. आम्ही सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, वाळून पिवळी झालेली, आणि त्यात पांढऱ्या पवनचक्क्या. माणूस म्हणून दिसत नाही. आपल्याकडं शेतात निदान एक बाई वाकलेली असते.

दादा म्हणाला, "बोर्ड वाच बघू. तुझं इंग्रजी किती शिल्लक राहिलंय ते कळू दे." मी वाचत गेले. गावांची नावं, एक्झिटचे नंबर, वेग. चुकलं की तो हसायचा. दोन-एक तास असे मजेत गेले. मग मी पाणी काढायला पिशवीत वाकले. मान वर केली तर समोर नारिंगी पिंपांची रांग. रस्त्याचं काम चाललं होतं, आमची लेन बंद होती आणि हातात पाटी घेतलेला नारिंगी जाकिटातला माणूस अगदी नाकासमोर उभा. मी किंचाळले, "दादा, माणूस!"

त्यानं चाक फिरवलं. दोन पिंपं उडाली. गाडी कडेला खडीत जाऊन थांबली. तो माणूस बाजूला पडला होता, तो उठला आणि आमच्याकडं धावत आला. मला वाटलं, आता मारतो. आपल्याकडं एव्हाना शंभर माणसं जमली असती. त्यानं काच वाजवली. "सर, तुम्ही ठीक आहात ना?" त्यानं विचारलं.

हे ऐकलं आणि दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तो माणूस पिंपं उभी करायला गेल्यावर मी विचारलं, "तो तुला दिसला नाही?"

"नाही."

"एवढा नारिंगी?"

"मधलं गेलंय, सुमे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग. दीड वर्ष झालं. कडेचं दिसतं. समोर धुकं."

"मग हॉलमध्ये?"

"रे रोज कशाला ओरडायचा, वाटतं तुला?"

खुणा मला का विचारायचा, डबे रांगेत का होते, बोर्ड मला का वाचायला लावले, सगळं एका दमात कळलं. दोन आठवडे मी त्याच्या शेजारी गाडीत बसून हिंडत होते. त्याहून वाईट म्हणजे रस्त्यावरची सगळी माणसं हिंडत होती.

मी फोन काढला. विमानतळावरच निखिलनं मला तिथलं सिम दिलं होतं. दादानं माझा हात धरला. "करू नकोस. ब्रॉसार्डहून आल्यावर मीच सांगेन त्याला. तू पाच आठवड्यांची पाहुणी. लायसन्स गेलं तर मी विंडसरला राहू शकत नाही. ग्रोसरी नाही, डॉक्टर नाही, हॉल नाही. घर विकून त्याच्या बेसमेंटला जावं लागेल. तुझ्या वहिनीचं घर आहे ते."

"दादा, तो माणूस मेला असता."

"मेला नाही ना? सुमे, मी तुझ्याकडं आयुष्यात काही मागितलेलं नाही."

ते खरं होतं. काठी मारण्याआधी घेतात तसा मी श्वास घेतला आणि फोन लावला. दादानं हात सोडला आणि खिडकीबाहेर तोंड केलं. निखिलला यायला तासभर लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं गाडीत बसून होतो आणि एक शब्द बोललो नाही.

निखिल एका मित्राला घेऊन आला. आमची गाडी मित्रानं चालवली. निखिल मराठी समजतो, बोलतो मात्र इंग्रजीच. किचनरच्या घरी त्यानं चाव्या स्वतःच्या खिशात घातल्या आणि मला म्हणाला, "आत्या, ही इज नॉट ड्रायव्हिंग अगेन. पीरियड." पीरियड म्हणजे पूर्णविराम. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. डोळे लाल करून बाहेर आला आणि वडिलांसमोर खाली बसला. "बाबा, व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

दादा एवढंच म्हणाला, "मला ब्रॉसार्डला जायचंय."

निखिलनं दोन दिवसांची रजा काढली.

ब्रॉसार्ड

सात तासांच्या प्रवासात दादा निखिलशी बोलला, पेट्रोल पंपावरच्या कॅशियरशी बोलला, माझ्याशी नाही. मी चपाती-भाजीचा डबा पुढं केला तर निखिलला म्हणाला, "तिला सांग, भूक नाही."

क्वेबेकमध्ये शिरलं की पाट्या फ्रेंच होतात आणि मी पुन्हा निरक्षर. ब्रॉसार्डला सारख्या आकाराची विटांची घरं, दारांवर कुठं चिनी अक्षरं, कुठं अरबी. त्रान दारातच उभा होता. बुटका, टक्कल, कानात यंत्र. त्यानं दादाचे दोन्ही दंड धरले आणि दोघं तसेच उभे राहिले. मग त्यानं मला घट्ट गोड दुधातली कडक कॉफी दिली आणि पातेल्यावरचं झाकण उघडून दाखवलं. भाज्यांचं सूप, तांदळाच्या शेवया. "मांस नाही," तो म्हणाला. "शशीची बायको खायची नाही. तुम्हीही खात नसाल." वहिनी त्याच्या घरी शेवटची आली होती त्याला नऊ वर्षं झाली होती.

जेवल्यावर आम्ही बेसमेंटमध्ये उतरलो. तिथं ते होतं, दोघं ज्यावर शिकले ते टेबल. मॉन्ट्रियलचा हॉल बंद पडला तेव्हा त्रान ते उचलून घेऊन आला होता. दगडाचे तीन तुकडे, सहा माणसं, आणि जिन्याची एक भिंत फोडावी लागली होती. दादानं दोन्ही तळवे कापडावर ठेवले. त्रान दुपारपासून ते तापवत होता.

त्रानचा पहिला फटका दोन बोटांनी चुकला. मग दादाची पाळी. डोळ्यांचं दादानं त्याला जेवतानाच सांगितलं होतं. त्यानं ऐकून फक्त मान हलवली होती. दादा वाकला, बराच वेळ काठी मागंपुढं केली आणि मारली. पांढरा चेंडू पिवळ्यावर आपटला, एक भिंत, दुसरी, तिसरी, आणि लालच्या शेजारून वीतभर अंतरावरून निघून गेला.

"अं!" त्रान ओरडला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ एक. त्यानं भिंतीवरच्या गुणफलकाचा मणी सरकवला आणि माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत विनवणी होती. निखिलनं मान खाली घातली.

दादा वळला. दोन दिवसांत पहिल्यांदा मला म्हणाला, "सुमे, लागला?"

मी काय करायला हवं होतं ते मला आजही ठाऊक आहे. पण त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला होता आणि मला तो परत जायला नको होता.

"लागला," मी म्हणाले.

दादानं काठी खाली टेकवली. मग हळू म्हणाला, "चेंडूला चेंडू लागल्याचा आवाज एकदाच आला गं. लागला असता तर दोनदा आला असता."

तो पुढं म्हणाला, "रस्त्यात तू खरं बोललीस. मला ते सोसलं नाही. पण खरं होतं ते. आता माझी एवढी दया करू नकोस की माझा खेळच राहणार नाही. किती राहिला?"

मी लाल चेंडूकडं पाहिलं. "वीतभर. लालच्या उजवीकडून गेला."

त्यानं त्रानला इंग्रजीत सांगितलं, "तो मणी मागं घे." त्राननं घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

मग दोन तास दोघं खेळले. मी टेबलाभोवती फिरत खुणा सांगत होते. लाल दुसऱ्या खुणेला, कडेपासून चार बोटं. पिवळा आखूड भिंतीजवळ. प्रत्येक फटक्यानंतर किती राहिला ते सांगायची, तीन बोटं, मूठभर, हातभर. त्रानचे सात गुण झाले. दादाचा एकही झाला नाही. शेवटी त्यानं काठीचे दोन तुकडे फिरवून वेगळे केले, पिशवीत घातले, पिशवीची चेन लावली आणि त्रानच्या हातात दिली. त्रान म्हणाला, "वसंतात ये. बर्फ वितळला की ये." दादा म्हणाला, "येईन." दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनी ते इतक्या सरळ आवाजात म्हटलं की निखिल उठून वर निघून गेला.

किचनर

उरलेला काळ मी किचनरला राहिले. निखिलनं विंडसरहून कपडे, औषधं, वहिनीचे मसाल्याचे डबे आणले. बेसमेंटमधली खोली उजेडाची होती, खिडकी जमिनीलगत. खिडकीतून शेजाऱ्यांचे फक्त बूट दिसत. लायसन्स परत करायचा कागद दादानं स्वतः सही करून पाठवला. सही कुठं करायची तिथं मी त्याचं बोट नेऊन ठेवलं. आता तो माझ्याशी बोलत होता, पण लागेल तेवढंच.

मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रेचा फोन आला. दादानं स्पीकर लावला.

"प्रोफेसर, काल त्यांनी तुमचं टेबल सुटं करून काढलं. परवा मी त्यावर एकटाच खेळलो. तीन तास. सगळे मला वेडा म्हणत होते."

"आणि?"

"एक गुण झाला. शप्पथ. आधी पिवळा, तीन भिंती आणि मग लाल. मी ओरडलो, तर सगळे विचारतात, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही पडलं. आता हे सांगू कुणाला? म्हणून तुम्हाला फोन केला."

दादा पलंगावर ताठ बसला. "सुरुवातीपासून सांग. पांढरा कुठं होता? लाल कुठल्या खुणेला?" रेला खुणा ठाऊक नव्हत्या. दादानं त्याच्याकडून एकेक करून सगळं वदवून घेतलं, चेंडू कुठून सुटला, कुठं वळला, किती हळू पोचला. एका फटक्यासाठी वीस मिनिटं. शेवटी म्हणाला, "चांगला होता, रे. फार चांगला होता." मग फोन ठेवला.

मी समोरच्या खुर्चीवर होते. तो माझ्याशी बोलायला लागला, उद्या विमान किती वाजता, स्वेटर हाताशी ठेव, असं काहीबाही. बोलताना तोंड मात्र भिंतीकडं. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, अजून राग आहे तर असू दे. पण उद्या मी जाणार. एकदा माझ्याकडं बघून बोल."

"बघतोच आहे."

"भिंतीकडं बघतोयस."

"समोर बघितलं तर तुझ्या जागी धुकं असतं. तोंड असं वळवलं की कडेला थोडी येतेस. आल्यापासून बघितलंच नव्हतं तुला नीट. ओळखायचो ते आवाजावरून." त्यानं मान आणखी जराशी वळवली. "हां. आता आलीस. सगळे केस पांढरे झाले की गं तुझे."

"कधीच झाले."

"हलू नकोस," तो म्हणाला.

मी हलले नाही. खिडकीबाहेरून कुणाचे तरी बूट येऊन गेले. तो भिंतीकडं तोंड करून मला बघत राहिला, आणि मी त्याला पुरेसं दिसेपर्यंत तशीच बसून राहिले.